कोरा पाना

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, भावाच्या नाही, देवळात एकटा बसून देवाच्यासुद्धा नाही. शेवगाव तालुक्यात ज्याला 'इमानवाले तात्या' म्हणतात तो मी — माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही हे आमच्या गावची कुत्रीदेखील सांगतील. तरी ही टिकली. इतकी वर्षं टिकली! थुंकावंसं वाटतं स्वतःवर.

माझी विमानाची गोष्ट तुम्ही ऐकली नसेल, तर तुम्ही आमच्या स्टँडवर चहाच प्यायलेला नाही. मी मोठ्या शहरात हँगरात मेकॅनिक होतो — हँगर म्हणजे विमानाचं गॅरेज, पण इतकं उंच की पावसाळ्यात आत ढग शिरून बसायचे. तर एक विमान निघायच्या बेतात, मला संशय आला, मी धावत जाऊन चाकासमोर आडवा झालो, पंखात विसरलेला पाना काढून दाखवला आणि पाचशे माणसं वाचवली. पाचशे! पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दीडशे होती. मंत्री तर तिसऱ्या वर्षी चढला त्या विमानात. एवढं झालं की मी खिशातून पाना काढतो आणि मंडळी तो हातात घेऊन बघतात.

विमान खरं आहे. पाना खरा आहे. बाकी —

थांबा. नीट सांगतो.

हँगरात एक फळा असतो, शॅडो बोर्ड. प्रत्येक हत्याराची काळी सावली त्यावर रंगवलेली; हत्यार आपापल्या सावलीवर टांगायचं. प्रत्येकावर नंबर कोरलेला. शिफ्ट संपताना एक जरी सावली उघडी दिसली, तरी हत्यार सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. साहेबाचा बाप आला तरी नाही. का? तर हरवलेला पाना चहाच्या टपरीवर असेल, नाहीतर पंखात. पंखाच्या मागच्या कडेला एलेरॉन असतो, हलणारी फळी. तिच्या जोरावर विमान वळतं. तिच्या दांड्यात पाना अडकला तर आकाशात विमान वळायचंच राहील. हे मला ठाऊक नव्हतं? अहो, नवीन आलेल्यांना हे मीच शिकवायचो!

त्या दुपारी एक सावली उघडी होती. माझ्या हातून. आणि मला गाडी पकडायची होती — गावची जत्रा, जत्रेत माझा सत्कार. विमानवाला म्हणून! फेटा, हलगी, सगळं! पाना शोधायचा तर एलेरॉनचं पॅनल पुन्हा उघडा, गाडी घालवा, वर कागदावर माझी चूक. मग मी काय केलं? माझ्या पिशवीत घरचा एक पाना होता. हुबेहूब तसाच, फक्त कोरा, नंबर नसलेला. तो सावलीवर टांगला. झालं! किती सोपं असतं बघा.

पुढची शिफ्ट सखारामची. राजूरकडचा, डोंगरातला माणूस. बोलायचा कमी, मला दादा म्हणायचा. रीत अशी, की घेणाऱ्याने एकेक हत्यार उतरवून नंबर वाचायचा आणि मग सही करायची. मी म्हणालो, "सख्या, आधी सही ठोक, माझी गाडी सुटतीय."

"जावा दादा, जत्रा हाय तुमची," म्हणाला, आणि न बघता सही केली. माझी अडचण म्हणून.

आणि मग — हेच मला सोसत नाही — सही झाल्यावरही त्याने एकेक हत्यार उतरवलं. कोण करतं हो असं? सही झाली की सगळे चहाला पळतात! त्याला कोरा पाना दिसला. विमान ओढून न्यायला ट्रॅक्टर जोडला होता, त्याच्यासमोर तो जाऊन उभा राहिला. विमान हलवायचं नाही, असा लाल टॅग बांधला. तिकडे प्रवासी ताटकळले, इकडे साहेबांनी आईबहिणीवरून उद्धार केला. त्याने पॅनल उघडलं. पाना एलेरॉनच्या दांड्यापासून बोटभर अंतरावर पडलेला.

मी तेव्हा फेटा बांधून मिरवत होतो.

परतलो तर चौकशी. मी काय सांगितलं ते शब्दन् शब्द पाठ आहे — "साहेब, मी बोर्ड पुरा दिला. त्याची सही आहे बघा." सखाराम समोरच उभा. त्याने ना माझ्या गाडीचा विषय काढला, ना जत्रेचा. न बघता सही केली, एवढंच कबूल केलं. त्याला टायरच्या गोदामात बसवलं आणि पुन्हा कधी पंखाला हात लावू दिला नाही. ज्याच्यामुळे विमान वाचलं त्याला! कुठला न्याय हा? — आणि विचारतोय कोण? मी! बेवारस ठरलेला तो कोरा पाना साहेबांनी कचऱ्यात टाकला. तो मी उचलून आणला.

गेल्या महिन्यात सखाराम शेवगावला कुणा नातेवाइकाकडे आला होता. माझा पत्ता विचारत विचारत आमच्या स्टँडवर पोचला. मी गोष्टीच्या ऐन मध्यात, चाकासमोर आडवा. त्याचे केस पांढरे झालेत, पण मी ओळखला. जीभ अडखळली माझी? नाही! पाना निघाला, हातोहात फिरला आणि त्याच्या हातात गेला. त्याने त्यावर अंगठा फिरवला. नेमका जिथे नंबर असतो तिथे.

सलूनवाल्या भिवाने विचारलं, "पाव्हनं, तुमी बी हुता का तिथं? का आमचं तात्या लई फेकत्यात?"

"हुतो की," सखाराम म्हणाला. "ह्यांनीच थांबिवलं."

पाना माझ्या हातात दिला, चहा संपवला आणि एसटीत बसून गेला.

संताप कुणाचा आला सांगू? आधी त्याचाच! चारचौघांत माझ्या थोबाडीत का नाही मारलीस? एका फटक्यात सुटलो असतो ना मी! पण नाही. त्याने माझ्यासाठी दुसऱ्यांदा सही केली — आणि ह्या खेपेला नीट बघून केली.

दुसऱ्या दिवशी मंडळींनी पुन्हा आग्रह धरला. मी पुन्हा सांगितली. आता तर गोष्टीला साक्षीदारही मिळाला होता.