दाजींचं ‘बरंय’

ताईचा फोन आला तेव्हा मी बाजारात मेथी निवडत होतो. “अरे, हे गेले...” आणि लगेच, “ते कमरेतलं मशीन काढावं लागतं ना, अग्नी द्यायच्या आधी?” हो, बॅटरी फुटू शकते. मी डॉक्टरांना फोन लावला. हातात काहीतरी काम होतं, तेवढंच बरं.

दाजी दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. विडीपायी उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत गेल्या होत्या. आडवं झालं की कळ असह्य व्हायची, म्हणून पाय लोंबता सोडून बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायचे. बायपास शक्य नव्हती. नाशिकच्या डॉक्टरांनी एक उपाय सुचवला : मज्जारज्जूजवळ बारीक तार बसवून तिच्यातून सौम्य वीज सोडायची. रक्तवाहिनी उघडणार नाही, पण कळ कमी होईल, पाय कदाचित वाचेल. आधी आठवडाभर मशीन बाहेर ठेवून चाचणी. दुखणं निम्म्यावर आलं तरच ते कायमचं आत बसवायचं, नाहीतर पाय कापायचा.

त्या आठवड्यात ते आमच्याकडेच होते. मी रोज विचारायचो, कळ दहापैकी किती? आधी आठ सांगायचे, आता “बरंय... तीन.” मला आकडा पटला. डॉक्टरांपुढेही तेच, “बरंय साहेब, तुमची कृपा.” तशी ताई भडकली.

“कसलं बरंय? अजून पाठ टेकत नाहीत. तुम्ही एवढी मेहनत घेतली, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलतायत!”

दाजी ओशाळून हसले. “आठच हाय, साहेब.”

“करंटच्या मुंग्या कुठं येतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“मांडीत.”

“पावलात यायला हव्यात. खरं सांगा, तरच मला करंट बदलता येईल.”

त्यांनी करंट बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी दिवाणावर आडवे होते, दोन्ही पाय वर घेऊन. मी पेपर उलटला तर डोळे न उघडता खेकसले, “ओ हिशेबनीस, फडफड बंद करा, झोपू द्या माणसाला!” आजारपणात ते कुणावर खेकसलेच नव्हते. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मशीन बसलं. पाय शेवटपर्यंत राहिला. ते गेले हृदयविकाराने.

महिना होत आला. मशीन चार्ज करायला दाजी कमरेला बांधायचे तो पट्टा ताईने अजून खिळ्यावरून काढलेला नाही. काल फोनवर विचारलं, कशी आहेस?

“बरंय रे.”

दहापैकी किती, हे अगदी ओठांवर आलं होतं... विचारलं नाही. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. आता पहिल्या एसटीने दिंडोरीला निघालोय.