मडक्यात तांदूळ आहेत

शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मी नाटकं लिहायला लागलो. गावाने आधी माझं शिकवणं सोसलं होतं, आता हेही सोसलं.

दिघीजवळच्या आमच्या वाडीत मे महिन्यात सार्वजनिक सत्यनारायण असतो. मुंबईकर आलेले असतात. दुपारी पूजा आटोपते आणि संध्याकाळी पाचला त्याच मांडवात नाटक होतं. उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे नाटकाच्या वेळी देव मांडवातच असतात. त्यामुळे आम्ही सगळं सोवळ्यात करतो, अगदी नाटकातली भांडणंसुद्धा.

त्या वर्षी मी लिहिलेलं नाटक असं होतं: वाऱ्यामुळे फेरीबोट बंद पडते आणि आगरदांड्याच्या धक्क्यावर पाच अनोळखी माणसं अडकतात. एक नर्स, एक सुपारीचा व्यापारी, आखातातून सुट्टीवर आलेला तरुण, घरातून पळालेली मुलगी, आणि बायकोच्या अस्थी घेऊन हरिहरेश्वरला निघालेला म्हातारा. म्हाताऱ्याला चारच वाक्यं होती. ते काम मी फेरीबोटीचे दोर बांधणाऱ्या एका माणसाला दिलं. तो मुळात घुमा, आणि सात-आठ महिन्यांपूर्वी त्याची आई गेली होती. चेहरा आयताच पडलेला होता. मला तेवढंच दिसलं, हे कबूल करतो.

आई गेली तेव्हा त्याची थोरली बहीण मुंबईत स्वतःच हॉस्पिटलात होती. तिला अंत्यदर्शन मिळालं नाही. दहाव्याच्या आत अस्थी सोडायलाच हव्यात असा गावकीचा लकडा होता, म्हणून दहाव्याला त्याने सांगून टाकलं की अस्थी हरिहरेश्वरला सोडल्या. "माझ्यासाठी थांबला न्हाय," एवढं बोलून बहिणीने त्याचा फोन घेणं बंद केलं. मे महिन्यात ती गावी आली, पण उतरली चुलत्याकडे. सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं.

आमच्या मंडळात सामान ज्याने त्याने घरून आणायचं असतं. तालमीत हा पितळेच्या गडूत तांदूळ भरून आणायचा. प्रयोगाच्या दिवशी मात्र एक छोटं मडकं घेऊन आला, तोंडाला विटक्या हिरव्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. मी मनात म्हटलं, शाब्बास, गड्याने मेहनत घेतली!

नाटक झकास रंगलं. आमचे प्रेक्षक गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. "अरं, म्हसळ्यावरून फिरून जा की!" असं एकाने पहिल्या पाच मिनिटांतच ओरडून माझ्या कथानकाचा पार निकाल लावला. पळालेल्या मुलीला बायकांनी खालूनच सल्ले दिले. व्यापाऱ्याने पाण्याची बाटली लपवली तेव्हा त्याला अशा शिव्या पडल्या की तो बिचारा नट घाबरून सगळं पाणी वाटून बसला.

मग नर्सने म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, ह्यात काय आहे?"

त्याने म्हणायचं होतं, "बायको आहे माझी." मी विंगेतून दोनदा वाक्य दिलं. त्याने ऐकलंच नाही. तो मडकं घेऊन रंगमंचाच्या कडेपर्यंत आला आणि तिसऱ्या रांगेकडे बघत म्हणाला, "ताय, ही आय. मी न्हाय सोडली. तुझ्यासाठी ठेवलीय."

तिसऱ्या रांगेतून ती उठली. "आयच्या लुगड्याचा काठ हाय तो," ती म्हणाली, आणि मग आवाज फाटला, "म्हंजी आय हाय अजून?"

टाळ्यांचा कडकडाट झाला! शिट्ट्या झाल्या. "काय बसवलंय!" कुणी मुंबईकर ओरडला. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. दोन-तीन क्षण मला खरंच वाटलं की हे सगळं माझ्या लेखणीचं यश आहे. त्या क्षणांची मला अजून लाज वाटते.

मग पूजेला बसलेले गावकीतले एक वडीलधारे उभे राहिले. "अस्थी? पूजेच्या मांडवात?"

टाळ्या तुटल्या. बायकांनी पोरं मांडीवर ओढून घेतली. कुणीतरी धावत जाऊन प्रसादाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मागच्या रांगा उठायला लागल्या. महिनाभराच्या तालमी, अर्धवट राहिलेलं नाटक, उद्या गावात होणारी चर्चा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, आणि मी माईक घेतला.

"मंडळी, बसून घ्या. हे नाटक आहे. मडक्यात तांदूळ आहेत."

आणि मंडळी बसली. मला खरा धक्का बसला तो ह्याचा. तिचा चेहरा प्रत्येकाने पाहिला होता. उघडून दाखव, असं एकही जण म्हणाला नाही. "तांदूळच हायेत. होऊ द्या पुढं," असं ते वडीलधारेच म्हणाले आणि आपल्या खुर्चीवर टेकले.

ती वर आली. भावाच्या हातून तिने मडकं घेतलं, छातीशी धरलं, आणि विंगेत माझ्यासमोर थांबली. चौथीपर्यंत मीच तिला शिकवलं होतं.

"गुरुजी, माझ्या आयला तांदूळ म्हणालात?"

"तसं नाही गं, वेळच तशी..." असं काहीसं मी पुटपुटलो. ती थांबली नाही. तिच्यामागून तोही निघून गेला.

मी म्हाताऱ्याची शाल पांघरली, मुदपाकातून एक तांब्या आणवला आणि उरलेलं नाटक पुरं केलं. शेवटी मी रडलोसुद्धा. ते रडणं खरं होतं की नाटकातलं, मला सांगता येणार नाही. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. नंतर त्याच वडीलधाऱ्यांनी पाठ थोपटली, "गुरुजी, हे काम पहिल्यापासून तुम्हीच करायचं."

सकाळी उत्तरपूजेला जाताना ती दोघं एसटीच्या थांब्यावर दिसली. हरिहरेश्वरला जायला श्रीवर्धनची गाडी यायची होती. मडकं तिच्या मांडीवर होतं. ती हळू आवाजात काही सांगत होती आणि तो मान हलवत होता. मी पुढे गेलो, चपला काढल्या आणि मडक्याला हात जोडले.

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पदर मडक्यावर ओढून घेतला.