दोन तट्टांच्या झुली

तट्टाच्या पाठीवर पावसाचं पाणी नेमकं कुठं साचतं, हे आपल्याला कधी माहीत असावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. मी शाळेत शिकवणारी बाई. घरी आई आणि मी, गोठ्यात एक गाय, एक म्हैस, आणि दोघींना पुरेल एवढी भातशेती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्न राहून गेलं होतं, आणि त्याबद्दल विचारणंही लोकांनी हळूहळू सोडून दिलं होतं.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. मालवणात किल्ला बघायला येणारी माणसं वाढू लागली होती. माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात आलं, किनाऱ्यावर पोरांना घोड्यावर बसवून फिरवायचं. शिमगा संपता संपता तो घाटावरून ट्रकमधून दोन तट्टं घेऊन आला. एक तांबडी घोडी, दुसरं करडं. माझ्या छातीपर्यंतही पोचत नव्हती. उन्हाळा बरा गेला. मग पाहुणे गेले, समुद्र खवळला, किनारा ओस पडला आणि भावाला गोव्यात एका हॉटेलात काम मिळालं.

"चतुर्थीक येतंय," तो पिशवी भरता भरता म्हणाला. "तवसर तेवढी बघ गो ताये."

"काय बघू?"

"काय्येक नाय. गवत खातत आनि उबी रवतत."

त्याला तसंच वाटत असावं. तो गेला, आणि पाऊस लागला.

आमचा गोठा बसका. गाय आणि म्हैस बांधली की माणसाला अंग चोरून आत शिरावं लागे. तरीही आम्ही करड्याला आत घालून पाहिलं. त्यानं पहिल्यांदा गायीला लाथ मारली, मग भिंतीला, आणि गुडघा सोलून घेऊन बाहेर आला. तांबडी तर दारातच चार पाय रोवून उभी राहिली. जन्मभर उघड्या माळावर राहिलेली जनावरं ती, छपराला भीत होती. मागच्या अंगाला आम्ही झावळ्यांचा मांडव घातला. तो वाऱ्यानं उचलून शेजाऱ्यांच्या विहिरीवर नेऊन टाकला. शेवटी दोघं आंब्याखाली शेपट्या वाऱ्याकडे करून उभी राहू लागली, आणि मी शाळेला जाता-येता त्यांच्याकडे न बघता जायला शिकले.

पण आषाढात त्यांच्या पाठी खपल्या धरू लागल्या. केस झुबक्यांनी चिकटून वर आलेले, झुबका ओढला की खालच्या खपलीसकट हातात यायचा, आणि आत लाल, ओली कातडी. शाळेतून सुटल्यावर मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर तरुण होते, घाटावरचेच.

"बाई, मी इथं गाई-म्हशींचा डॉक्टर आहे," ते म्हणाले. "घोडं कॉलेजात पाहिलं ते शेवटचं." तरी दुसऱ्या दिवशी ते आले, नीट तपासून मलम दिलं आणि म्हणाले, "हे लावून उपयोग तेव्हाच, जेव्हा पाठ कोरडी राहील. काहीतरी पांघरायला घाला. पण आत घाम साचू देऊ नका."

पांघरायला घाला! रात्री जेवताना मी आईला हे सांगितलं. आईनं घास खाली ठेवला.

"माजी गोधडी फाटली ती शिवूक येळ नाय तुका. आनि घोड्यांका झुली?"

 लावणीचे दिवस होते. पहाटे तरव्यात, भाताची रोपं काढायला, मग शाळा, मग पुन्हा चिखल. माझ्याकडे वाद घालायला जीव नव्हता.

पहिल्यांदा गोणपाटं घातली. ती भिजून इतकी जड झाली की तट्टं ओझ्यानं वाकलेली दिसत. मग भावाचं जुनं मेणकापड दोरीनं बांधलं. वरून पाणी थांबलं, पण संध्याकाळी हात आत घातला तर भाताच्या तपेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ आली, आणि जखमा आणखी चिघळलेल्या. एका शेजाऱ्यानं गोणपाटाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडायला सुचवलं, म्हणजे पाणी शिरणार नाही. आई ओटीवरून ओरडली, "होड्येक लावतत ता जित्या कातडेक लावतलस? सोलान निघात ता!"

त्याच आठवड्यात मला शीड आठवलं. आमच्या वाडीतल्या एका मासेमाऱ्यानं होडीला इंजिन बसवून घेतलं होतं, आणि त्याचं जुनं शीड पडवीत गुंडाळून पडलं होतं. मी मागायला गेले.

"शीड कित्याक होया, बाई?"

"घोड्याक."

त्यानं हातातली जाळी खाली ठेवली. "घोडो दर्यात घालतलास?"

पण दिलं त्यानं. घट्ट विणीचं, वर्षानुवर्षं खारवलेलं, उन्हात विटलेलं कापड. बाहेरून शीड आणि आतून लोकर, असं मी ठरवलं. लोकर ओली झाली तरी ऊब धरते आणि अंगाला चिकटत नाही. घरात वडिलांचं जाड घोंगडं होतं. ते मी मागितलं नाही, पण संध्याकाळी शाळेतून आले तर आईनं ते उभं फाडून दोन तुकडे करून ठेवले होते.

"कसर लागता तेका," ती म्हणाली. 

मला वाटलं, आता चौकोन कापायचा आणि वर टाकायचा. पण तट्टू काही खाट नव्हे. चौकोन घातला की ते चरायला मान खाली घालतं, आणि मान खाली गेली की सगळं कापड सरकून एका कुशीला लोंबतं. मान सुरू होते तिथं खांद्यावर जो उंचवटा असतो, त्याच्या पुढं झुलीचा गळा यायला हवा, नाहीतर काठ नेमका त्या हाडावर घासतो. छातीवर घट्ट बांधलं तर जनावराला चरता येत नाही आणि खांद्याचे केस जातात. सैल बांधलं तर झूल मागं उतरते. शेपटीचं मूळ झाकलं पाहिजे, तिथूनच पाणी आत शिरतं. पण लांबी पोटाखाली गेली तर जनावर बसताना त्यात गुंतणार. हे सगळं मला एकेक करून चुकल्यावर कळलं, आणि दर चुकीसाठी उसवणं आलं.

दोघांचं अंगही सारखं नव्हतं. करडं पिंपासारखं गोल, उंचवटा जवळजवळ नाहीच. तांबडी खांद्यात अरुंद आणि हाडं वर आलेली. मी सुतळीनं छातीपासून शेपटीपर्यंत माप घ्यायची, गाठ मारायची, आणि घरात येऊन जमिनीवर कापड पसरून बसायची. आई कंदील धरायची. शिलाईयंत्राच्या सुया शिडावर तटातट मोडल्या, म्हणून दाभण आणि जाळी विणायचा नायलॉनचा दोरा घेतला. पावसात आईची बोटं आखडायची. तरी मागच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वरच्या गोलाईवर, घ्यायच्या चुण्या तिनंच घातल्या, कारण माझ्या चुण्यांतून पाणी गळत होतं. तांबडीच्या उंचवट्याखाली तिनं आपल्या एका मऊ लुगड्याची घडी टाचली. करताना एकसारखी माझ्या भावाला शिव्या देत होती, हळू आवाजात, जसं कोणी जप करतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, झूल रोज उतरवून पाठ पुसायची आणि कोरडी झूल घालायची. म्हणजे प्रत्येकाला दोन हव्यात, कारण श्रावणात वाळतंय काय! शीड पुरेना म्हणून दुसऱ्या जोडीला ताडपत्रीचे तुकडे जोडले. ओल्या झुली चुलीवरच्या माळ्याला टांगायच्या. सगळ्या घराला घोड्याचा वास सुटला. भाताला, माझ्या केसांना, वह्यांच्या गठ्ठ्याला. एकदा वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी अगदी मायेनं म्हणाली, "बाई, तुमका घोड्याचो वास येता."  मी म्हटलं, "येता. पुस्तक काढा."

एवढं करूनही एके दिवशी मी शाळेतून आले तर आंब्याखाली करडं एकटंच. तांबडी बांधाखालच्या चरात पडली होती. लोळताना झूल पोटाखाली फिरली होती, आणि पोटाखालून बांधलेल्या दोरीत मागचा पाय अडकला होता. ती धडपडत नव्हती. धडपडून झालं असावं. डोळा उघडा, नाकपुड्यांत चिखल, आणि चरातलं पाणी तिच्या अंगावरून वाहत होतं. मी धावत जाऊन कोयता आणला आणि दोरी कापली. मग छातीची पट्टी. मग घाईत झुलीची कड. जिथं आईचे टाके होते तिथंच ती टरकन फाटली. घोडी उठली, तीन पायांवर उभी राहिली, थरथरली आणि चौथा पाय हळूच टेकवला.

मी तिथंच चिखलात बसले. शाळेची साडी नेसलेली होती. तरवा अर्धा लावायचा राहिला होता, वह्या तपासायच्या होत्या, आणि माझ्या मांडीवर एक फाटकी झूल. मला रडू आलं, आणि इतकी दमले होते की तेही नीट रडता येईना. मधेच थांबायचं, पुन्हा यायचं.

आई डोक्यावर इरलं घेऊन आली. आधी तिनं घोडीचा पाय चाचपला. मग माझ्याकडे बघितलं.

"ऊठ."

"आये, माका नाय जमणा."

"ठावक आसा माका. ऊठ. तू पडलस तर तुका झूल कोन शिवतला? मी?"

मला हसू आलं की आणखी रडू आलं, ते आज सांगता येणार नाही. तिनं मला हाताला धरून उठवलं. घोडीला पुढं घालून आम्ही दोघी आंब्याखाली आलो. त्या संध्याकाळी आईनं मला काही करू दिलं नाही. गरम पाण्यानं पाय धुतले, पेज वाढली, आणि मी पाटावर बसल्या बसल्या झोपले.

पुढं आम्ही पोटाखालची लोंबती दोरी काढून टाकली. तिच्या जागी दोन रुंद पट्टे एकमेकांवर फुलीसारखे घातले. पोट आणि पट्टा यांच्यात फक्त हात सरकावा एवढी फट ठेवली, म्हणजे पाय शिरणार नाही. शेपटीखालून मऊ कापड गुंडाळलेली एक दोरी. तेवढ्यानं जमलं. भाद्रपद लागेपर्यंत दोघांच्या पाठीवर उंदराच्या लवीसारखे बारीक नवे केस आले. तांबडी तर झूल आणलेली दिसली की आपण होऊन मान पुढं करी.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाऊ आला. नवीन शर्ट, हातात मिठाईची पेटी. सामान ठेवून पहिला आंब्याखाली गेला. झूल वर करून त्यानं करड्याची पाठ थोपटली.

"बघ! मी सांगलंय न्हय? तेंका काय्येक करूचा लागणा नाय."

मी काही बोलण्याआधी आई चुलीवरची कोरडी झूल घेऊन बाहेर आली आणि त्याच्या हातात दिली. "घाल."

त्यानं ती उलटसुलट केली. तांबडीच्या अंगावर टाकली. शेपटीची बाजू मानेवर आली, आणि गळ्याचं भोक मागं पुठ्ठ्यावर. घोडीनं सवयीनं मान पुढं केली, पण मान घालायला पुढं गळाच नव्हता. आई हसू लागली. ओटीच्या खांबाला धरून, ठसका लागेपर्यंत हसली. वडील गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. भाऊ लाल झाला. "दाखय तरी मगे," तो म्हणाला. मी दाखवलं. तो बघत होता, आणि मधेच त्यानं माझ्या हाताची बोटं पाहिली. दाभणानं टोचून टोचून काळी पडलेली.  त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यानं सांगितलं की हॉटेलातलं काम कायमचं झालंय, तो आता परत येणार नाही, तट्टं विकून टाका.

दिवाळीनंतर करडं विकलं. घाटावर, थंड हवेच्या गावी पोरं फिरवणाऱ्या माणसानं नेलं. मी त्याला झूल कशी घालायची ते दोनदा दाखवलं. तो मान डोलवत होता, पण त्याचं लक्ष ट्रककडे होतं. तांबडीचे दात बघून त्यानं नको म्हटलं. ती म्हातारी होती. आम्हाला ते माहीत नव्हतं.

म्हणून ती राहिली. पुढच्या पावसाळ्यांत तिची झूल मीच दुरुस्त करत राहिले. आता काम पटकन व्हायचं, पण दमायला तितकंच व्हायचं. मग माझी बदली देवगडकडच्या एका शाळेत झाली. शनिवारी एस.टी.नं घरी यायची. ओटीवर पाय ठेवताच विचारायची, "घोडी कशी आसा?"

"आदी माजी चवकशी कर," आई म्हणायची, आणि मग आठवडाभराचं सगळं घोडीचंच सांगत बसायची.

एका वैशाखात ती गेली, झोपेतच, आंब्याखाली. आईनं वाडीतल्या माणसांना बोलावून माळाच्या कडेला खड्डा काढून घेतला. शनिवारी मी पोचले तेव्हा माती ओढून झाली होती.

"बरा झाला," आई म्हणाली. "पावसाच्या आदी गेली."

मी हो म्हटलं. पाय धुतले, चहा घेतला, आणि उन्हं कलेपर्यंत झोपले.