टँकरची थाळी

वालाच्या डाळिंब्या सोलायला आम्ही दोघं नवराबायको बसलो होतो. तेच शेवटचं. ती सोलत होती, मी निम्म्या चिरडत होतो. समोर तिसऱ्या मजल्यावरची मुलगी वही घेऊन बसलेली. कॉलेजात म्हणे संस्था कशा उभ्या राहतात याचा अभ्यास असतो, आणि तिने आमची फुलपाड्यातली सोसायटी धरली होती. मी सोसायटीचा पहिला चेअरमन. सातवी नापास, पण आवाज मोठा, म्हणून निवडलेला.

मी घसा खाकरून सुरुवात केली, "तेव्हा इथे सगळं रान होतं. मी गच्चीवर पहिली सभा बोलावली..."

"सभा कसली?" ही म्हणाली. "चौघे पुरुष चहा प्यायलात आणि पुन्हा भेटायचं ठरवून खाली आलात. कप माझे, त्यातला एक फोडलात."

"मग पहिली सभा कुठली, काकू?"

"जिन्यातली. नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की बायका झिंज्या उपटायच्या. एकदा मी थाळी घेऊन जिन्यात बडवली, सगळ्या दारात आल्या. तिथेच ठरलं, थाळी वाजल्याशिवाय पाइपाला हात लावायचा नाही आणि घरटी सारखे हंडे. अजून मीच वाजवते ना?"

"थाळी नंतरची. आधी सभा."

"अहो, तुम्हाला कालची भाजी आठवत नाही."

मुलगी हसायला लागली. "नक्की काय लिहू?"

"उद्या संध्याकाळी ये. हे फिरायला गेले की सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ही भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य उरकल्यावर मुलगी आली. "काका, तेवढंच राहिलंय. तुम्ही सांगाल तसं लिहिते."

अख्ख्या संसारात पहिल्यांदा मला टोकणारं कुणी नव्हतं. मैदान मोकळं. सांगता सांगता मी पुन्हा गच्चीवर चढलो, चाराची दहा माणसं केली, भाषणसुद्धा ठोकलं. मग सवयीने थांबलो आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. तिकडून काही आलं नाही. आपल्याच थापा आपणच ऐकायच्या, त्यात काय मजा?

"काकूचं लिही," मी म्हणालो.

"पण तुम्हाला काय आठवतं?"

"मला अजून माझंच खरं वाटतं. गच्चीवरचा वारासुद्धा आठवतो. पण त्या सभेत ठरलं काय, विचारशील तर कप्पाळ. तिने ठरवलेलं निदान चालू तरी आहे."

मुलीने मान खाली घातली. "चालू कुठे, काका? काकू गेल्यापासून थाळी वाजलीच नाही. काल पाइपाच्या ओढाताणीत दोघी पडल्या."

सकाळी टँकरचा हॉर्न ऐकला. थाळी मांडणीवर होती, बडवायला डाव काही सापडेना. साधा चमचा घेऊन जिन्यात गेलो आणि बडवायला लागलो.

तळमजल्यावरची म्हातारी ओरडली, "कोण रे तो कल्हईवाला?"

"मी आहे!"

"चेअरमन? मग नीट वाजवा की! जेवला नाहीत का?"

जोर लावला. दारं उघडायला लागली, बायका हंडे घेऊन निमूट रांगेला लागल्या. मीही ऐटीत खाली उतरलो. आमचा नंबर आला तेव्हा लक्षात आलं, माझ्या हातात थाळी आणि चमचाच आहे. हंडा वरच राहिला होता. तो आणायला गेलो आणि मुकाट्याने रांगेच्या शेवटी उभा राहिलो.