कानाजवळची खूण

कोटाला विडीने पाडलेलं भोक असो की स्वेटरला लागलेली कसर, रफूमावशींच्या हातून कपडा परत आला की गिऱ्हाइकालाच जागा सापडायची नाही. देवाने बोटांत तेवढी कला घातली होती. स्वतः मावशींच्या उजव्या कानापुढचं भोक मात्र त्याने तसंच ठेवलं होतं, जन्मापासूनचं, टाचणीच्या टोकाएवढं. लेकालाही त्याच जागी तसंच. लहानपणी आईच्या त्या भोकावर बोट ठेवल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही. आता तो सातासमुद्रापार होता. फोन यायचा, पण घाईतला.

यंदा तिसऱ्यांदा ती जागा पिकली. सूज उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की वरून भोक दिसतं तेवढंच ते नसतं, कातडीखाली बारीक नळी असते. ती सगळी काढायला हवी. जराशी जरी राहिली तरी पुन्हा पिकणार. चीर कानाच्या घडीतच घेऊ, व्रण कुणाला दिसायचा नाही.

दुसरी कुणी सुखावली असती. मावशींचा चेहरा पडला.

"त्याच्या-माझ्यात तेवढीच एक खूण उरलीय," घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"पोरगा तुला कानावरून नाही, ओरडण्यावरून ओळखतो," नवरा म्हणाला, आणि त्यांच्या नकळत त्याने लेकाला फोन लावला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेक दारात उभा. चार वर्षांनी. मावशींची नजर आधी त्याच्या कानाकडे गेली. तिथे काहीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यानेही काढून घेतलं होतं. आई जिवाला लावून घेईल म्हणून बोलला नव्हता. मावशी त्याचं अंथरूण घालायला वळल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी कानावर पट्टी घेऊन पडल्या पडल्या त्यांनी लेकाला जवळ बोलावलं. रफू केलेली जागा डोळ्यांना सापडत नाही, बोटाला सापडते, हे त्या जन्मभर जाणत आल्या होत्या. त्याच्या कानाच्या घडीवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. केसाएवढ्या उंचवट्यावर ते थांबलं.

"हे बघ. सापडलं."

"आजवर कुणाला दिसलं नाही ते," लेक म्हणाला. "टाके निघाले की तुझंही अस्संच लागेल हाताला."

"बघायला असशील का तू?"

त्याने नुसते डोळे मिटून घेतले. मावशींनी बोट काढलं नाही. टाके शनिवारी निघायचे होते. त्याचं विमान गुरुवारचं होतं.