गच्चीवरचे बेचाळीस किलोमीटर
तमाम जनतेस कळविण्यात येते की, आमच्या सिडकोतल्या इमारतीच्या गच्चीवर एक अख्खी मॅरेथॉन झाली असून मी तिचा एकमेव पंच होतो! आज गुडघ्याला मलम चोळताना त्या उग्र वासानं टाळेबंदीतली ती मे महिन्याची सकाळ आठवली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पेशानं मॅरेथॉनपटू. शर्यती बंद, दौलताबादच्या रस्त्यावरचा सरावही बंद, आणि बूटवाल्या कंपनीनं बजावलेलं, लोकांना दिसत राहा, नाहीतर करार संपला. म्हणून गड्यानं पायांना हेच मलम चोळलं, टाकीवर मोबाइल टेकवून थेट प्रक्षेपण लावलं आणि उजाडताच सगळ्यांना दिसेल असं पळायला सुरुवात केली. मधोमध शेजारच्या काकूंनी जुन्या लुगड्यावर कुरडया घातलेल्या. तो त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होता, मी मोजत होतो आणि कावळे कठड्यावर ताटकळले होते. पस्तिसाव्या किलोमीटरला त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. “नाय होत आता, काका,” म्हणत तो मटकन बसला. लगेच दोन कावळे कुरडयांवर उतरले आणि काकू जिन्यातून कडाडल्या. तो दचकून उठला, तो बेचाळीस पुरे करूनच थांबला. करार टिकला. हल्ली सकाळी मला खुर्चीतून उठवत नाही, तेव्हा काकूंची तीच आरोळी कानात घुमते: “ऊठ रं बाबा, बसतोस काय, कुरडया अजून ओल्या हायेत!”