चांदमारीवरचं साजूक तूप

पोलिसांच्या रायफलीला मी एकदा साजूक तूप पाजलं आणि वर आळ दुसऱ्यावर घेतला. हे काही भूषण नव्हे, पण माझ्या तेव्हाच्या अकलेला साजेसं होतं.

ते प्रकरण अजून स्वप्नासारखं डोळ्यांपुढे येतं. पन्नासच्या दशकातलं कुंभकोणम. आमचे हे तिथे सब-इन्स्पेक्टर. ह्यांचं मराठी घराणं पिढ्यानपिढ्या तंजावरकडचं, मी साताऱ्याहून लग्न होऊन आलेली. मार्गळी, म्हणजे तिकडच्या मार्गशीर्ष महिन्यातल्या पहाटे धुकं असं, की दारापुढे रांगोळी घालणाऱ्या बायका दिसत नसत, नुसत्या पांढऱ्या रेघा आपोआप उमटत जात.

धुकं विरता विरता साक्कोट्टै गावापलीकडच्या पडीक रानात चांदमारी, म्हणजे पोलिसांची नेमबाजी झाली. ठाण्यातल्या पट्टीच्या नेमबाज शिपायाचा त्या दिवशी नेम चुकला. यादीत त्याचं नाव खाली आलं, आणि साहेब लोकांनी कारण विचारलं.

संध्याकाळी मी आपण होऊन खबर पुरवली. "अहो, त्याचे डोळे लाल असतात. पितो तो."

"तू पाजलीस का?" हे म्हणाले. तरी त्याला घरी बोलावलंच. मी भिंतीआड कान लावून उभी.

"प्यायला होतास?"

"नाही अय्या." तिकडे साहेबाला अय्या म्हणतात.

"मग रायफलीला काय झालं?"

भिंतीपलीकडे नुसते त्याचे बूट करकरले.

"बोल. नाहीतर निलंबनाचा अहवाल पाठवावा लागेल मला."

तरी गप्प. चार तोंडांचं घर होतं त्याचं. मला मात्र आपण मोठा गुन्हा उघडकीला आणल्यासारखं वाटत होतं.

ह्यांनी रायफल तपासली. स्क्रू आवळलेले, दस्ता सरळ. मग निशाणाचा कागद पसरला. पहिल्या दोन गोळ्या भलतीकडे, बाकीच्या सगळ्या मधोमध, एकमेकींना चिकटून. "दारूचा हात प्रत्येक गोळीला हलतो," हे म्हणाले. "हा दोनदाच कसा हलला? नळीत काहीतरी होतं. दोन गोळ्यांनी ते साफ झालं."

नळी पुसायची चिंधी मागवली. तिला मुंग्या लागलेल्या. ह्यांनी ती झटकून माझ्या नाकापुढे धरली.

"कशाचा वास?"

वास घरचाच होता. आदल्या दिवशी तो शिपाई रायफलीसाठी तेल मागायला आमच्या मागच्या दारी आला होता. ठाण्यातला तेलाचा डबा संपलेला. तेलाला तमिळमध्ये 'एण्णेय' म्हणतात, तुपाला 'नेय'. मी अर्धाच शब्द ऐकला आणि चार वाक्यं तमिळ झाडून वाटीभर तूप त्याच्या हाती दिलं. पहाटेच्या गारठ्यात ते नळीत थिजलं.

हे हसले नाहीत. "नेम चुकला की आपण आधी माणसाकडे बघतो," एवढंच म्हणाले. पुढे ह्यांच्या हाताखालच्या किती पोरांना मी हेच वाक्य ऐकवलं, जणू माझंच.

अहवाल गेला नाही. मी मात्र गेले, त्याच्या दारात. म्हटलं, तूप आहे हे तुला कळलं नव्हतं?

तो खाली बघत म्हणाला, "कळलं होतं अम्मा. पण तुम्ही पहिल्यांदाच न अडखळता बोललात, मध्येच चूक कशी काढायची? दुसरं तेल नव्हतं, तेच लावलं. आणि अय्यांना सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा आमच्याशी बोलला नसता."